सोडलेली फीत

आमच्या क्लबात एक रीत होती. कुणी घरी बांधलेलं विमान पहिल्यांदा उडायला तयार झालं, की क्लबातले दोन सभासद ते तपासायचे. बांधणाऱ्यानं विमान ठेवायच्या हँगरच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचं आणि विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. तपासणाऱ्यांच्या खिशात नारिंगी प्लास्टिकच्या फितीचे तुकडे असायचे, जमीन मोजणारे लोक खुंट्यांना बांधतात तसले. शंका येईल तिथे फीत बांधायची. कारण सांगायची सक्ती नव्हती. ‘मला हे कळलं नाही’ एवढं कारणही पुरत असे. आणि ज्यानं फीत बांधली त्यानंच ती सोडायची. दुसऱ्या कुणी तिला हात लावायचा नाही, विमानाच्या मालकानं तर नाहीच.

ही रीत वॉल्टर क्रेनेकनं घालून दिलेली. वॉल्ट आमच्यात सगळ्यांत जुना. पिकांवर औषध फवारणाऱ्या विमानांची दुरुस्ती करण्यात त्याचा जन्म गेला होता. सरकारी परवाना लागतो तो लागतोच, पण विमान नीट आहे की नाही याची जबाबदारी कायद्यानं बांधणाऱ्याचीच असते. आणि स्वतःच्या हाताची चूक स्वतःला दिसत नाही, म्हणून हे मित्रांनी तपासणं. वॉल्ट म्हणायचा, “हुशार माणसाला जे दिसतं ते बांधणाऱ्यालाही दिसलेलं असतं. ज्याला कळत नाही, त्याची फीत मला हवी.”

मी या क्लबात १९८३ साली आलो. ह्यूस्टनच्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीत मी तीस वर्षं नोकरी केली आणि त्यातली सहा वर्षं संध्याकाळी गॅरेजमध्ये एक छोटं विमान बांधलं. त्याला जुन्या मोटारीचं, हवेनं थंड होणारं इंजिन बसवलं होतं. माझी बायको शैलजा त्या काळात सगळ्यांना सांगायची, “आमच्याकडे मोटार पावसात उभी असते आणि विमान गॅरेजमध्ये.” ते विमान मी तीनशे तास उडवलं आणि डोळे अधू झाल्यावर विकलं. मग तपासणाऱ्यांच्या यादीत माझं नाव आलं. माझ्या फिती नेमक्या असतात असं लोक म्हणायचे. मला ते ऐकायला आवडायचं.

निवृत्त झाल्यावर मी ह्यूस्टनजवळच्या शुगर लँड गावातल्या मराठी शाळेत दर रविवारी विज्ञानाचा एक तास घ्यायला लागलो. आठ ते बारा वर्षांची पंधरा-सोळा मुलं. शाळा एका चर्चच्या मागच्या हॉलमध्ये भरायची. तिथे एक उंच स्टूल होतं. माझ्या वर्गाचा नियम असा, की ज्याला कळलं नाही त्यानं हात वर करून मोठ्यानं ‘मला कळलं नाही’ असं म्हणायचं. तसं म्हटलं की त्याला स्टूलावर बसायला मिळायचं, माझ्या टेबलाच्या अगदी जवळ, आणि मी पुन्हा पहिल्यापासून सांगायचो. स्टूलासाठी मुलं भांडायची. कळलेलं असूनही ‘कळलं नाही’ म्हणणारेही दोन-तीन होते. मी ते चालवून घ्यायचो. न कळण्याची लाज मुलांच्या मनातून काढून टाकली, की निम्मं शिकवणं झालं, असं मी पालकांना सांगत असे.

हे सगळं आधी सांगतो आहे, कारण पुढे मी जे केलं ते हे सगळं माहीत असताना केलं.

त्या वर्गात कादंबरी नावाची दहा वर्षांची मुलगी होती. तिचे वडील सुशांत एका तेल कंपनीत कंट्रोल सिस्टिम्सचं काम करायचे. माणूस पुण्याचा, चाळिशीचा, हुशार आणि भरभर बोलणारा. पाच वर्षं खपून त्यानं दोन जणांचं विमान बांधलं होतं आणि त्याला एका जपानी मोटारीचं इंजिन बसवलं होतं. विमानाचं खास इंजिन फार महाग पडतं, म्हणून आमच्यातले बरेच जण मोटारीचं इंजिन बदल करून वापरतात. ते काम नीट केलं तर इंजिन चांगलं चालतं. पण त्यात एक मोठा फरक आहे. विमानाच्या जुन्या पद्धतीच्या इंजिनाला ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही, ते आपली ठिणगी आपणच तयार करतं. आजच्या मोटारीचं इंजिन मात्र सगळं विजेवर चालतं. पेट्रोल ओढणारा पंप, ठिणगी, त्यांना हुकूम देणारा छोटा संगणक, सगळंच. वीज गेली की इंजिन बंद. रस्त्यावर गाडी कडेला घेता येते. वर कड नसते.

म्हणून सुशांतनं दोन बॅटऱ्या बसवल्या होत्या. एक दगावली तर दुसरी.

२००६ च्या एप्रिलमध्ये वॉल्टनं आणि मी ते विमान तपासलं. रोझेनबर्ग गावाच्या पुढे शेतांमध्ये आमची छोटी धावपट्टी आहे, तिथल्या हँगरमध्ये. सकाळी नऊपासून चारपर्यंत आम्ही अकरा फिती बांधल्या. सात वॉल्टच्या, चार माझ्या. माझ्या पहिल्या तीन मला अजून आठवतात. एक रबरी नळी गरम पाइपाला घासत होती, एका बिजागरीची पिन उलटी होती आणि एका नटाला जिथे अडकण हवी तिथे नव्हती. तिन्ही नेमक्या.

चौथी बांधण्यासाठी मला पाठीवर झोपून, पाय सीटवर टाकून, डोकं पुढच्या पेडलांपर्यंत न्यावं लागलं. तिथे वर बघितलं तर वेग, उंची दाखवणाऱ्या घड्याळांच्या फलकामागे तारांचा एक जाडजूड जुडगा होता. सगळ्या तारा पांढऱ्या, प्रत्येकीवर छापील आकडा, दर चार बोटांवर बंद. इतकं नीटनेटकं काम मी पाहिलं नव्हतं. आणि त्यातली एकही तार कुठून कुठे जाते हे मला कळलं नाही. मी बॅटरी न लागणाऱ्या इंजिनांचा माणूस. मी त्या जुडग्याला फीत बांधली आणि बाहेर आलो.

“काय सापडलं?” वॉल्टनं विचारलं.

“तारा,” मी म्हणालो.

“चांगलं केलंस. मलाही त्यातलं काही कळत नाही.” त्यानं वहीत लिहून घेतलं.

पुढच्या महिनाभरात सुशांतनं दहा कामं दुरुस्त केली आणि आम्ही दहा फिती सोडल्या. तारांची एक राहिली. मी त्याला म्हटलं होतं, एक दिवस निवांत बसून समजावून घेतो. तो दिवस काही आला नाही. मी त्याला बोलावलं नाही आणि त्यालाही घाई होती. मग वॉल्टच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तो घरी अडकला. मेच्या शेवटच्या शनिवारी सुशांतनं विमानाची पूजा ठेवली आणि शाळेतल्या आठ-दहा कुटुंबांना बोलावलं. पहिलं उड्डाण दुसऱ्या दिवशी सकाळी, वारा पडलेला असताना.

हँगरमध्ये सतरंजी घातली होती. सुशांतची बायको आसावरी बटाटेवड्यांचे दोन मोठे ट्रे आणि शिरा घेऊन आली होती. पंख्याला हार, नाकावर स्वस्तिक. माझ्या वर्गातली पाच-सहा मुलं विमानाभोवती पळत होती आणि कादंबरी त्यांना दम देत होती, “डोंट टच द प्रॉपेलर! काकांनी सांगितलंय ना!”

सुशांत मला बाजूला घेऊन म्हणाला, “काका, तुमची तेवढी एकच फीत राहिलीय. पाच मिनिटांत दाखवतो, मग नारळ फोडू.”

बाजूला म्हणजे विमानाच्या पंखाशी. लोक तिथेच होते. तो डायग्राम उघडून बोलायला लागला. पाच मिनिटांऐवजी वीस मिनिटं बोलला.

“हे बघा, हा मेन बस. हा एसेन्शियल बस. मेन फेल झाला, की हा स्विच टाकायचा, सेकंड बॅटरी टेक ओव्हर करते. पंप दोन, दोन्ही इंडिपेंडंट. इसीयूचा फीड इथून, बॅकअप फीड इथून. ऑफिसमध्ये आम्ही रिफायनरीसाठी हेच करतो, यार, सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर कुठेच ठेवायचा नाही.” आणि मग लगेच, “सॉरी काका, यार म्हणालो.”

आजूबाजूचे हसले. मीही हसलो.

“कळलं ना काका?”

मला काहीही कळलं नव्हतं. त्या कागदावर निळ्या आणि लाल रेघा होत्या आणि त्या कुठे तरी जाऊन कुठे तरी मिळत होत्या. मला म्हणायचं होतं, पुन्हा सांग, सावकाश. पण तिथे मुलं होती, त्यांचे आईबाप होते. एक बाई दुसरीला सांगत होत्या, “यांनी स्वतः विमान बांधलेलं आहे. यांनी पास केलं की झालं.” आसावरी वड्यांचा ट्रे धरून थांबली होती.

“हो, हो,” मी म्हणालो. “स्वच्छ आहे.”

मी आत वाकलो, हाताला लागली तशी फीत ओढून सोडली आणि खिशात घातली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुशांत माझ्या पाया पडला. नारळ मीच फोडला.

दुसऱ्या दिवशी विमान उडालं आणि छान उडालं. मी धावपट्टीच्या कडेला उभा राहून इंजिनाचा आवाज ऐकत होतो. ते उतरल्यावर सुशांतनं मला मिठी मारली.

आमच्याकडे असा नियम आहे, की असं इंजिन असलेलं विमान पहिले चाळीस तास एकट्यानं उडवायचं, शेजारी कुणी बसवायचं नाही. सुशांत बहुतेक शनिवारी सकाळी उडायचा. त्या उन्हाळ्यात शनिवारी सकाळी फोन वाजला, की शैलजाच्या आधी मी उचलायचो. एकदा ती म्हणाली, “कोणाच्या फोनची वाट बघताय?” मी म्हटलं, कुणाच्या नाही.

मी वाचनालयातून मोटारींच्या विजेवरची दोन पुस्तकं आणली. ती मी वर्तमानपत्राखाली ठेवायचो. स्वतःच्या घरात, अडुसष्टाव्या वर्षी. पुस्तकं चांगली होती. ऑगस्टपर्यंत मला बरंच समजलं. वीज बॅटरीतून निघते तशी तिला परत यावं लागतं, तरच ती काम करते, आणि मोटारीत ती परत येते ती लोखंडी सांगाड्यातून, ‘अर्थिंग’च्या तारेनं. सुशांतनं मला दोन्ही बॅटऱ्यांची जाण्याची वाट दाखवली होती. येण्याची दाखवली नव्हती. ती त्यानं कुठे जोडली होती? मे महिन्यात मला हा प्रश्न माहीतच नव्हता. ऑगस्टमध्ये माहीत झाला, आणि तरी मी तो विचारला नाही. विचारला असता तर मे महिन्यात का नाही विचारला, हे सांगावं लागलं असतं.

तीन वेळा सांगायला गेलो. एकदा तो घाईत होता. एकदा सोबत आसावरी होती. तिसऱ्यांदा तो एकटा होता आणि त्याला घाईही नव्हती. “काका, एकवीस तास झाले, एकदम स्मूद,” तो म्हणाला, आणि मी म्हणालो, “वा.”

ऑक्टोबरच्या एका रविवारी वर्ग सुटल्यावर कादंबरी माझ्याकडे आली. तिनं एका जाड कागदाचं कार्ड केलं होतं. वर विमानाचं चित्र, खाली मराठीत मोठ्या अक्षरांत ‘बोर्डिंग पास’, तारीख येत्या शनिवारची, सीट नंबर एक.

“हा माझा आहे,” ती म्हणाली. “बाबाचे फॉर्टी अवर्स या वीकमध्ये होणार. आय अ‍ॅम द फर्स्ट पॅसेंजर! आई म्हणते नेक्स्ट मी. पण मी फर्स्ट. आणि हा तुमचा.” दुसऱ्या कार्डावर तिनं लिहिलं होतं, ‘बघायला येण्याचा पास. त्र्यंबककाका.’

मी घरी आलो आणि शैलजाला सगळं सांगितलं. ती पोळ्या करत होती. तिनं गॅस बंद केला.

“मेपासून?” ती म्हणाली.

“हो.”

“तरीच फोन. आत्ता लावा फोन. माझ्यासमोर.”

मी लावला. सुशांतनं उचलला. आणि मी काय बोललो तर, “अरे, शनिवारी कादंबरी बसणार ना, त्याआधी जरा एक नजर टाकू या म्हणतो. वॉल्टलाही बोलावतो. असंच, आपलं.” तो म्हणाला, “शुअर काका, किती काळजी करता तुम्ही! तोपर्यंत उडवत नाही, एकोणचाळीस झालेत, उरलेला एक तास शनिवारी सकाळी तुमच्यासमोरच पुरा करतो.” मी फोन ठेवला. शैलजा माझ्याकडे बघत होती.

“हे सांगणं झालं?” ती म्हणाली, आणि गॅस पेटवला.

शनिवारी हँगरमध्ये सगळेच होते. वॉल्ट काठी घेऊन आला होता. आसावरी थर्मासमधून चहा ओतत होती. कादंबरीनं डोक्यावर मोठ्या माणसाचा हेडसेट घातला होता, कुठेही न जोडलेला. मी खिशातून नारिंगी फीत काढली. तीच. मेमध्ये त्या पँटच्या खिशात राहिली होती, शैलजानं धुताना काढून खिडकीत ठेवली होती, आणि तिथून मी ती हलवली नव्हती. मी आत वाकलो आणि तारांच्या जुडग्याला ती पुन्हा बांधली.

सुशांत हसला. “काका, ही तर तुम्ही सोडली होती.”

“सोडली होती,” मी म्हणालो. “न कळता सोडली होती. तू समजावलंस त्यातलं मला एक अक्षर कळलं नव्हतं. सगळे बघत होते म्हणून मी हो म्हटलं.”

त्याचं हसू लगेच गेलं नाही. तसंच चेहऱ्यावर राहिलं, नुसतं.

वॉल्टला मराठी येत नाही. तो काठीवर रेलून म्हणाला, “काय चाललंय? मलाही सांग.”

तेव्हा मला ते सगळं पुन्हा इंग्रजीत सांगावं लागलं. एकदा सांगताना वाटलं होतं, की झालं, संपलं. दुसऱ्यांदा सांगताना एकेक शब्द शोधावा लागत होता आणि कादंबरीला आता सगळं नीट समजत होतं. तिनं हेडसेट काढून हातात धरला.

वॉल्ट माझ्याकडे बघत राहिला. वीस वर्षांची ओळख होती आमची. तो रागावला असता तर बरं झालं असतं. “मग जा आत,” एवढंच तो म्हणाला.

मी पाठीवर झोपलो आणि डोकं पेडलांपर्यंत नेलं. या वेळी मला काय शोधायचं ते माहीत होतं. जाडजूड काळ्या तारा, बॅटरीकडून परत येणाऱ्या. पहिलीच्या मागे हात नेला. ती पुढच्या पत्र्यावरच्या एका बोल्टला मिळाली. दुसरीच्या मागे नेला. तोच बोल्ट. पंपांच्या, संगणकाच्या, सगळ्यांच्या येणाऱ्या वाटा त्या एका बोल्टवर. दोन विहिरी खणल्या होत्या आणि पोहरा एक होता. मी बोल्टच्या डोक्याला बोट लावलं. ते फिरलं. एकोणचाळीस तासांच्या थरथरीनं ढिलं झालं होतं.

मी बाहेर आलो आणि सांगितलं. सुशांत म्हणाला, “इम्पॉसिबल.” मग स्वतः आत गेला. बराच वेळ त्याचे नुसते पाय दिसत होते.

वॉल्ट म्हणाला, “बघू या.” आम्ही विमान बाहेर काढलं, शेपटी जमिनीतल्या कडीला बांधली, चाकांना ठोकळे लावले. आसावरी कादंबरीला घेऊन कुंपणाच्या पलीकडे गेली. सुशांत सीटवर बसला, मी पुन्हा खाली. इंजिन सुरू झालं. छान चाललं होतं, एकसारखं. वॉल्टनं दिलेल्या रबरी मुठीच्या चिमट्यानं मी तो बोल्ट धरला आणि जरासा हलवला, दार खडखडतं तितकाच.

इंजिन बंद पडलं.

खोकलं नाही, अडखळलं नाही. होतं आणि नव्हतं. सुशांतनं दुसऱ्या बॅटरीचा स्विच टाकला. काही झालं नाही. पंखा दोन फेरे फिरून थांबला. कुंपणापलीकडून कादंबरीचा आवाज आला, “व्हाय डिड इट स्टॉप?”

मी खालून सुशांतचा चेहरा उलटा बघत होतो. तो समोर बघत होता, धावपट्टीच्या टोकाकडे, तिथे कापसाचं शेत आणि विजेचे खांब आहेत.

“माझी चूक आहे,” तो अखेर म्हणाला. “मी केलंय हे. मी ऑफिसात लोकांना शिकवतो हे.” मग खाली माझ्याकडे बघून म्हणाला, “पण मी तुम्हाला विचारलं होतं. कळलं ना, असं विचारलं होतं.”

“हो.”

“आणि तुम्हाला डाउट कधीपासून होता?”

मी खोटं बोलू शकलो असतो. “ऑगस्टपासून नक्की.”

“ऑगस्ट.” तो हिशेब करत होता, मला दिसत होतं. “मग आज का? कादंबरी बसणार म्हणून?”

मी चिमटा खाली ठेवला.

“म्हणजे मी एकटा होतो तोवर चाललं.”

मी मुलांवर प्रेम करणारा माणूस आहे असं सगळे म्हणतात. त्या दिवशी मला कळलं, की त्या प्रेमाआड मी एक माणूस एकोणचाळीस तास धोक्यात ठेवला होता. तोही एका मुलीचा बाप होता, आणि त्यानं माझ्या पायांना हात लावला होता.

तो उतरून आसावरीकडे गेला. मला बाहेर यायला वॉल्टनं हात दिला. “यादीतून माझं नाव काढ,” मी त्याला म्हणालो.

“काढतो,” तो म्हणाला. “पण ती फीत तुझी आहे. ती दुसरं कोण सोडणार?”

दुसऱ्या दिवशी रविवार. मी शाळेत जाणार नव्हतो. शैलजानं गाडीची किल्ली माझ्या ताटाशेजारी ठेवली. कादंबरी येणार नाही असं मला वाटलं होतं, पण ती आली होती, पहिल्या रांगेत. मी टेबलामागचं उंच स्टूल पुढे ओढलं आणि त्यावर मी बसलो. मुलं हसली. मग मी त्यांना सांगितलं. मेमध्ये काय झालं, ऑगस्टमध्ये काय, काल काय. मुलं हसायची थांबली. एकानं विचारलं, “विमान पडलं?” मी म्हटलं, नाही. “मग इट्स ओके ना?” मी म्हटलं, नाही.

कादंबरीनं हात वर केला.

“त्या दिवशी, पूजेला, यू कुड जस्ट से इट. कळलं नाही. का नाही म्हणालात?”

“लाज वाटली.”

“कशाची?”

“तुम्ही सगळे माझ्याकडे बघत होता.”

तिनं विचार केला. आठवून बघत होती. “काका, आम्ही वडे खात होतो,” ती म्हणाली. “नोबडी वॉज लुकिंग.”

सुशांतनं सगळी वायरिंग उचकटली आणि नव्यानं केली. दोन बॅटऱ्या, दोन बोल्ट, दोन वेगळ्या वाटा, वीज नीट जावी म्हणून पत्र्याचा रंग खरवडून. नोव्हेंबरात त्याचा फोन आला. “काम झालंय. फीत सोडायला या.” पूर्वी तो वाक्यागणिक काका म्हणायचा. त्या फोनवर एकदाही म्हणाला नाही.

मी गेलो. पूजा नव्हती, लोक नव्हते. वॉल्ट खुर्चीवर बसून सफरचंद सोलत होता. कादंबरी तिच्या गृहपाठाचं पुस्तक घेऊन पंखाखाली बसली होती. सुशांतनं डायग्राम उघडला आणि बोलायला लागला. पूर्वीपेक्षा सावकाश, पण माझ्याकडे न बघता. मी त्याला तिसऱ्या वाक्याला थांबवलं.

“हे कळलं नाही. ही रेघ इथे का वळली?”

त्यानं सांगितलं. मी पुढच्या रेघेला पुन्हा थांबवलं. मग त्याच्या पुढच्या. मूर्खासारखे प्रश्न होते, दहा वर्षांच्या मुलानं विचारावेत तसले, आणि प्रत्येक वेळी माझे कान गरम व्हायचे. एकदा कादंबरीनंच पंखाखालून उत्तर दिलं, “दॅट्स द फ्यूज, काका,” आणि पुस्तकात पुन्हा तोंड घातलं. प्रत्येक तार मी कागदावर बघायचो, मग आत झोपून हातानं बघायचो, मग बाहेर येऊन पुढची. दुपारपर्यंत निम्म्या झाल्या. वॉल्टचं सफरचंद केव्हाच संपलं होतं आणि तो खुर्चीत झोपला होता.

चारच्या सुमारास एक तार राहिली. संगणकाला दोन्ही बॅटऱ्यांकडून वीज मिळते, पण एकीची दुसरीत शिरत नाही, हे कशामुळे? सुशांतनं एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं. बाहेर ऊन उतरलं होतं आणि वारा पडला होता, उडायला इतकी चांगली वेळ दिवसभरात आली नव्हती. कादंबरीनं पुस्तक मिटलं होतं. तिचा बोर्डिंग पास हँगरच्या भिंतीवर चिकटवलेला होता. जुनी तारीख खोडून तिथे आजची घातली होती.

“कळलं?” सुशांतनं विचारलं.

पोरीकडे बघायचं मी टाळलं.

“नाही,” मी म्हणालो. “अजून नाही.”

त्यानं भिंतीवरच्या पासाकडे बघितलं, मग घड्याळाकडे. मग एक नवा कागद घेतला, पेन्सिल घेतली आणि खाली जमिनीवरच बसला.

“बसा,” तो म्हणाला. “पहिल्यापासून सांगतो.”

मी गुडघे धरून त्याच्या शेजारी बसलो. त्या दिवशी विमान उडालं नाही. फीत पुढच्या शनिवारपर्यंत तिथेच होती.